एक वही आणि अनेक पेढ्या

व्यापाराचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा जहाजें, गिरण्या, आगगाड्या आणि सराफी पेढ्या यांचा इतिहास लिहितात; ज्या वहींत या सर्वांचा हिशेब उतरतो त्या वहीचा इतिहास लिहिण्याचें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः माल कोणी मागविला, कोणाच्या सहीनें आला, कोठारांत किती उरला, गिऱ्हाइकाकडून येणें किती आणि कामगारांचें देणें किती, या गोष्टी ठरविण्याची व लिहून ठेवण्याची जी रीत, तीवरच पेढीचा सारा डोलारा उभा असतो. ही रीत शेंकडों वर्षें कारकुनाच्या लेखणींत आणि मुनिमाच्या डोक्यांत राहिली. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ती तेथून निघून संगणकाच्या आज्ञावलींत, म्हणजे ज्यास आपण सर्वजण आतां सॉफ्टवेअर म्हणतों त्यांत, जाऊन बसली आहे. हें स्थलांतर कसें घडलें, आणि तें घडत असतांना कोणता प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तो प्रश्न थोडक्यांत असा. मोठमोठ्या संस्थांच्या कारभारासाठीं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यानें एकेका गिऱ्हाइकाच्या अंगाचें माप घेऊन अंगरखा शिवावा, कीं पुष्कळांस बेतेल असा तयार अंगरखा शिवून दुकानांत टांगावा? पहिल्या रीतींत गिऱ्हाईक संतुष्ट राहतें. परंतु शिंप्यास दर खेपेस पहिल्यापासून श्रम करावे लागतात, आणि एकाकडे मिळविलेलें ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं. दुसऱ्या रीतींत शिंपी श्रीमंत होण्याचा संभव असतो. मात्र गिऱ्हाइकास आपलें अंगच अंगरख्याप्रमाणें आवळावें लागतें. हल्लीं या धंद्यांत ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ या नांवाचा एक अधिकारी असतो. त्याच्या ‘व्हिजन’विषयीं आणि ‘स्ट्रॅटेजी’विषयीं पुस्तकांचा व व्याख्यानांचा नुसता पाऊस पडत आहे. त्या शब्दजालाच्या मुळाशीं जाऊन पाहिलें असतां आम्हांस तरी तेथें मुख्यतः एकच निर्णय सांपडतो : सर्व पेढ्यांना समान असें काय आहे आणि ज्या त्या पेढीचें स्वतःचें असें काय आहे, या दोहोंमधील रेघ कोठें ओढावयाची. ही रेघ कोणी, कोठें व कोणाच्या सोयीनें ओढली, हाच या धंद्याचा खरा इतिहास होय, असें आमचें मत आहे.

या इतिहासाचा पहिला अंक इंग्लंडांत घडला, आणि तोहि चहाच्या दुकानांत घडला, हें ऐकून वाचकांस कौतुक वाटेल. जे. लायन्स आणि कंपनी ही पेढी आपल्या चहाच्या उपाहारगृहांसाठीं, पावांसाठीं व केकांसाठीं तेथें घरोघर माहीत होती. अशा धंद्यांत एकेका विक्रीवरील नफा पैशापैशांचा आणि विक्री मात्र लाखों लोकांस. तेव्हां हिशेब ठेवण्याच्या खर्चांतच नफा गडप होण्याची भीति सदैव असते. म्हणून या पेढीनें इ. स. १९४७ मध्यें रेमंड टॉम्सन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड या आपल्या दोन अधिकाऱ्यांस कचेरीच्या नव्या पद्धति पाहून येण्यासाठीं अमेरिकेस पाठविलें. तेथें प्रिन्स्टन येथें हर्मन गोल्डस्टाइन यांची गांठ पडली असतां, असें यंत्र तुमच्याच केंब्रिजमध्यें तयार होत आहे, हें या पाहुण्यांस कळलें. परत आल्यावर लायन्सनें केंब्रिज विद्यापीठास ३,००० पौंडांचें साह्य केलें, आपला एक माणूस मदतीस दिला, आणि केंब्रिजच्या यंत्राच्या नमुन्यावरून स्वतःचें यंत्र बांधविलें. त्याचें नांव ‘लिओ’. नोव्हेंबर १९५१ मध्यें या यंत्रानें लायन्सच्या बेकरींतील मालाच्या मूल्याचा हिशेब करण्यास आरंभ केला. व्यापारी कचेरीचें नित्याचें काम संगणकाकडून करून घेण्याचा जगांतील पहिला मान बहुधा या प्रसंगास देण्यांत येतो. १९५४ सालीं कामगारांचें पगारपत्रकहि त्यावर होऊं लागलें.

या कामांतील एक बारकावा आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. चहाच्या प्रत्येक दुकानास रोज किती पाव, किती केक पाठवावयाचे, ही मागणी पूर्वीं दररोज नव्यानें लिहून यावयाची. लिओवर हें काम घालतांना डेव्हिड कॅमिनर आणि त्यांचे सहकारी यांनीं प्रत्येक दुकानाची एक नेहमीची मागणी यंत्रांत कायमची नोंदून ठेविली, आणि दुकान चालविणाऱ्या बाईनें त्या दिवशीं जो फेरफार हवा असेल तेवढाच टेलिफोननें कळवावा, अशी व्यवस्था केली. नित्याचें तें यंत्रानें सांभाळावें आणि नैमित्तिक तेवढें माणसानें सांगावें, हें तत्त्व त्यांत होतें. पाऊस आहे कीं ऊन, जवळपास जत्रा आहे कीं काय, हें त्या बाईसच ठाऊक. त्या तिच्या ज्ञानास येथें जागा राखलेली होती. समान आणि विशेष यांमधील रेघ इतक्या सुबकपणें पुढें क्वचितच ओढली गेली असेल.

परंतु ही रेघ एकाच पेढीच्या घरांत ओढलेली होती. लिओचे कर्ते लायन्सचे नोकर. त्यांचा धनी आणि त्यांचें गिऱ्हाईक एकच. १९५४ मध्यें हीं यंत्रें इतरांस विकण्यासाठीं निराळी कंपनी काढण्यांत आली; पण जो कारखाना गिऱ्हाईक म्हणून येई त्याच्या कारभाराचा अभ्यास पुन्हां पहिल्यापासून करावा लागे. १९६३ त ही कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक-विभागाशीं जोडली गेली आणि लिओ हें नांव हळूहळू मागें पडलें. यंत्र विकतां येतें, हें लायन्सला कळलें होतें. कारभाराची रीत हीच एक विकावयाची वस्तु होऊं शकते, ही कल्पना मात्र अद्याप जन्मावयाची होती.

ती जन्माला न येण्याचें एक मोठें कारण अमेरिकेंत होतें. संगणकाच्या बाजारावर आय. बी. एम. या कंपनीचें वर्चस्व होतें, आणि ही कंपनी सॉफ्टवेअरची वेगळी किंमत घेत नसे. घोडा विकत घेतला असतां लगाम त्याबरोबर मिळावा, तशा आज्ञावल्या यंत्राबरोबर मिळत. जी वस्तु शेजारच्या दुकानांत फुकट मिळते तिचा धंदा कोणी कसा करावा? तरीहि कांहीं धाडसी लोक तो करीत होते. अप्लाइड डेटा रिसर्च या कंपनीचे मार्टिन गेट्झ यांनीं १९६८ मध्यें सॉफ्टवेअरवरील पहिलें अमेरिकन पेटंट मिळविलें, आणि त्यांच्या कंपनीनें पुढच्याच वर्षीं आय. बी. एम. वर दावाहि लावला. जानेवारी १९६९ मध्यें अमेरिकन सरकारनें मक्तेदारीच्या आरोपावरून त्या कंपनीवर खटला भरला. त्याच वर्षीं जूनच्या २३ तारखेस आय. बी. एम. नें जाहीर केलें कीं, यापुढें सॉफ्टवेअर व सेवा यांची किंमत यंत्राच्या किंमतीपासून वेगळी आकारली जाईल. ज्यास भाव नव्हता त्यास भाव आला. आणि भाव आल्याबरोबर ही वस्तु कोणासाठीं, कोणत्या मापाची करावी, हा प्रश्न व्यापाराचा प्रश्न झाला.

या पार्श्वभूमीवर आपण जर्मनीकडे वळूं. इ. स. १९७२ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस पश्चिम जर्मनींतील वाइनहाइम या गांवीं पांच जणांनीं एक भागीदारी स्थापन केली. डीटमार हॉप, हास्सो प्लाटनर, क्लाउस चिरा, हान्स-वेर्नर हेक्टर आणि क्लाउस वेलेनरॉयटर हीं त्यांचीं नांवें. पांचहि जण आय. बी. एम. मधील नोकऱ्या सोडून आले होते. इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीचा एस्ट्रिंगेन येथें नायलॉनच्या धाग्याचा कारखाना होता. तो त्यांचा पहिला गिऱ्हाईक. जवळ स्वतःचा संगणक नव्हता. म्हणून गिऱ्हाइकाचाच संगणक रात्रीं आणि सुटीच्या दिवशीं, तो रिकामा असेल तेव्हां, वापरावयाचा, असा क्रम त्यांनीं ठेविला. पहिल्या वर्षाच्या अखेरीस या मंडळींत नऊ माणसें होतीं आणि उत्पन्न ६,२०,००० मार्क झालें होतें. स्वतःच्या मालकीचा पहिला संगणक त्यांनीं वापरावयास घेतला तो १९७९ सालीं. हीच पुढें एस. ए. पी. या नांवानें प्रसिद्धीस आलेली संस्था.

या पांच जणांच्या मनांत आरंभापासून दोन कल्पना होत्या. पहिली कल्पना अशी कीं, हिशेब जेव्हांचा तेव्हां व्हावा. त्या काळीं कारकून दिवसभर कागद जमवीत, ते कागद छिद्रपत्रांवर उतरविले जात, आणि रात्रीं त्या छिद्रपत्रांचे गठ्ठे यंत्रास भरविले जात. कोठारांत माल किती आहे हें विचारल्यास उत्तर मिळे तें काल किती होता याचें. एस. ए. पी. च्या आज्ञावलींत कारकून पडद्यासमोर बसून नोंद करी व ती त्या क्षणींच खतावली जाई. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या नांवांत ‘आर’ हें जें अक्षर पुढें अनेक वर्षें राहिलें तें याच तत्क्षणतेचें द्योतक. १९७३ मध्यें जमाखर्चाचा भाग पुरा झाला. १९७५ मध्यें खरेदी, कोठार व आलेल्या बिलांची तपासणी यांचा भाग त्यास जोडला गेला. या जोडण्याचें महत्त्व सामान्य वाचकाच्या लक्षांत यावें म्हणून साधें उदाहरण घेऊं. कोठीवाल्यानें शंभर पोतीं उतरून घेतल्याची नोंद केली कीं त्याच नोंदीनें कोठारांतील शिल्लक वाढते, मालाचें मोल खतावणींत चढतें आणि विक्रेत्याचें देणें उभें राहतें. पूर्वीं याच गोष्टी तीन वह्यांत तीन कारकून लिहीत आणि महिनाअखेर त्या एकमेकींशीं जुळेनात म्हणून तिघेहि रात्रीं जागत. एकानें एकदांच लिहावें आणि सर्वांनीं तेंच वाचावें, ही या पद्धतीची किल्ली होय.

दुसरी कल्पना धोरणाची होती, आणि आमच्या मतें तीच अधिक धाडसाची. एका कारखान्यासाठीं केलेलें काम तेथेंच सोडून न देतां तेंच पुढच्या कारखान्याकडे न्यावयाचें. प्रत्येकासाठीं वेगळें न लिहितां सर्वांसाठीं एकच प्रमाणभूत सॉफ्टवेअर ठेवावयाचें. या बदलाची साक्ष संस्थेच्या नांवांतच उमटलेली आहे. १९७२ मध्यें एस. ए. पी. या अक्षरांचा जर्मन अर्थ ‘प्रणालींचें विश्लेषण व आज्ञावल्यांची रचना’ असा होता. म्हणजे तें एका कामाचें, चाकरीचें वर्णन होतें. १९७६ मध्यें नवी कंपनी नोंदविली तेव्हां अक्षरें तींच ठेवून अर्थ ‘माहितीसंस्करणांतील प्रणाली, उपयोजनें व उत्पादनें’ असा करण्यांत आला. शिंप्यानें आपल्या पाटीवर ‘येथें कपडे शिवून मिळतील’ याच्या जागीं ‘येथें तयार कपडे मिळतील’ असें लिहावें, तसाच हा प्रकार झाला.

पण कारखाने तर एकसारखे नसतात. रंगाच्या कारखान्याचा हिशेब निराळा, औषधांचा निराळा. जर्मनींतील कर निराळे, ऑस्ट्रियांतील निराळे. मग एकच सॉफ्टवेअर सर्वांस बेतावें कसें? यावरील तोड म्हणजे कोष्टकें. कराचा दर, चलन, खात्यांचे क्रमांक, कोणत्या रकमेपर्यंत कोणाची सही चालेल, या बदलत्या गोष्टी मूळ आज्ञावलींत न कोरतां त्यांचीं कोष्टकें वेगळीं ठेवावयाचीं आणि चालतांना आज्ञावलीनें तीं वाचावयाचीं. आज्ञावली सर्वांची, कोष्टकें ज्याचीं त्याचीं. आपल्याकडे १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला तेव्हां हजारों कचेऱ्यांची करपद्धति एका रात्रींत बदलली; त्या वेळीं अशा सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कंपन्यांस कारभाराची सबंध आज्ञावली पुन्हां लिहावी लागली नाहीं. कर्त्यानें सर्वांस सारखीच पुरविलेली दुरुस्ती बसविणें आणि आपापलीं कोष्टकें भरणें, हेंच मुख्य काम होतें. तेंहि सोपें नव्हतें, हें ज्यांनीं तें केलें ते सांगतील. तथापि असाध्य तें कष्टसाध्य झालें, हें या रचनेचें श्रेय आहे.

रेघ किती खोल जाते याचीं दोन गमतीचीं उदाहरणें येथें देतों. या सॉफ्टवेअरच्या पोटांतील रकान्यांचीं नांवें मूळ जर्मन शब्दांचे संक्षेप आहेत. मालाच्या क्रमांकाचा रकाना ‘माटनर’, कारखान्याचा ‘वेर्क्स’, गिऱ्हाइकाचा ‘कुननर’. पुण्यांत किंवा ब्राझीलमध्यें बसून काम करणारा तंत्रज्ञ जर्मन भाषेचें अक्षर न शिकतांहि हे शब्द रोज उच्चारीत असतो. दुसरें उदाहरण याहून अर्थपूर्ण आहे. गिऱ्हाइकास स्वतःची कांहीं आज्ञावली लिहावयाचीच असेल तर तिचें नांव ‘वाय’ किंवा ‘झेड’ या अक्षरानें सुरू झालें पाहिजे, असा नियम आहे. बाकीचीं सर्व अक्षरें कर्त्यानें आपल्याकडे ठेविलीं. सर्वांचें काय आणि ज्याचें त्याचें काय, ही वांटणी येथें वर्णमालेंतच करून टाकलेली आहे, आणि गिऱ्हाइकाच्या वांट्यास शेवटचीं दोन अक्षरें आलीं आहेत!

१९८१ मध्यें लोकांपुढें मांडलेलें ‘आर-२’ हें मोठ्या यंत्रांवर चालणारें सॉफ्टवेअर होतें. १९८८ मध्यें कंपनीचे भाग बाजारांत आले. १९९२ मध्यें ‘आर-३’ विक्रीस निघालें; तें एका अवाढव्य यंत्राऐवजीं परस्परांशीं जोडलेल्या लहान यंत्रांवर चाले, आणि त्यामुळें त्याचा प्रसार जगभर झाला. काळहि अनुकूल होता. १९९० मध्यें मायकेल हॅमर यांनीं आणि १९९३ त हॅमर व जेम्स चॅम्पी या दोघांनीं मिळून असें प्रतिपादन केलें कीं, जुन्या रीतीवर संगणकाचा मुलामा चढविण्यांत अर्थ नाहीं. कारभाराची रीतच मुळापासून नवी घडविली पाहिजे. शिवाय इ. स. २००० हें वर्ष जवळ येत होतें, आणि वर्षाचे दोनच आंकडे लिहिणाऱ्या जुन्या आज्ञावल्या त्या दिवशीं दगा देतील या भीतीनें पुष्कळांनीं जुनें टाकून नवें घेणेंच पसंत केलें. या वर्गाच्या सॉफ्टवेअरला ‘ई. आर. पी.’ हें नांव रूढ झालें तेंहि याच दशकांत.

येथें एक विलक्षण उलटापालट झाली, आणि तिकडे वाचकांचें लक्ष आम्ही मुद्दाम वेधूं इच्छितों. आरंभीं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे पाहून घडविलें जात होतें. आतां सल्लागार गिऱ्हाइकास सांगूं लागले कीं, सॉफ्टवेअरला हात लावूं नका, तुम्हीच त्याप्रमाणें बदला. कारण त्यांत जगांतील उत्तमोत्तम कारखान्यांच्या रीति एकवटल्या आहेत. या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. पुष्कळ कचेऱ्यांतील ‘आमची खास पद्धत’ ही कोण्या एका जुन्या अधिकाऱ्याची लहर असते, आणि ती गेल्यानें कोणाचेंहि नुकसान होत नाहीं. बिलाची तपासणी किंवा पगाराचा हिशेब निराळ्या तऱ्हेनें केल्यामुळें एखादी पेढी भरभराटीस आल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परंतु प्रत्येक पेढींत कांहींतरी असें असतें कीं ज्यामुळें ती इतरांहून निराळी ठरते. आणि तेंहि सरसकट घासून गुळगुळीत केलें तर ती पेढी व तिचे प्रतिस्पर्धी यांत फरक तो काय उरला? टॉमस डेव्हनपोर्ट यांनीं १९९८ मध्यें हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू या नियतकालिकांत हाच इशारा दिला होता कीं, असें सॉफ्टवेअर आपलें स्वतःचें तर्कशास्त्र कंपनीच्या धोरणावर, घटनेवर आणि संस्कृतीवर लादीत असतें.

या इशाऱ्याचें प्रत्यंतर दोन प्रसंगीं आलें. अमेरिकेंतील हर्शी या चॉकलेटच्या कंपनीनें सुमारें ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून एस. ए. पी. चें व आणखी दोन कंपन्यांचें सॉफ्टवेअर एकाच वेळीं बसविलें. सुमारें चार वर्षांचें काम तीस महिन्यांत उरकण्याची घाई झाली, आणि तें सुरू झालें १९९९ च्या जुलैंत, म्हणजे ऑक्टोबर अखेरच्या हॅलोविन सणाच्या मागण्या येण्याच्या ऐन तोंडावर. परिणाम असा झाला कीं, गोदामांत माल असूनहि सुमारें १० कोटी डॉलरांच्या मागण्या वेळेवर पुऱ्या झाल्या नाहींत. न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याच कंपनीनें २००२ मध्यें त्याच सॉफ्टवेअरची पुढील आवृत्ति सावकाशीनें, नीट पारखून बसविली आणि तें काम सुरळीत पार पडलें. दोष केवळ वस्तूचा नव्हता, हें यावरून उघड आहे.

दुसरा प्रसंग जर्मनींतलाच. लिडल या किराणा मालाच्या मोठ्या कंपनीनें २०११ मध्यें हातीं घेतलेलें असेंच काम २०१८ च्या जुलैंत सोडून दिलें. तोंपर्यंत सुमारें ५० कोटी युरो खर्च झाल्याचें वृत्त तेथील वर्तमानपत्रांनीं दिलें. त्या वृत्तांत सांगितलेलें एक कारण पाहण्यासारखें आहे. दुकानांतील शिलकी मालाचें मोल लिडल खरेदीच्या भावानें धरीत असे. प्रमाणभूत सॉफ्टवेअर तें विक्रीच्या भावानें धरी. लिडलला आपली रीत सोडावयाची नव्हती. म्हणून सॉफ्टवेअर बदलण्यास आरंभ झाला. एक कोष्टक बदललें कीं त्यावर अवलंबून असलेल्या दहा ठिकाणीं हात घालावा लागे, आणि शेवटीं तें ओझें कोणासच पेलेना. लिडलचें खरें बळ त्या रीतींत होतें कीं ती नुसती संवय होती, हा निर्णय पहिल्या महिन्यांत व्हावयास पाहिजे होता. तो सातव्या वर्षापर्यंत लांबला, यांतच या गोष्टीचें मर्म आहे.

गिऱ्हाइकांप्रमाणें कर्त्यांचेहि हिशेब चुकले. २००७ च्या सप्टेंबरांत एस. ए. पी. नें मध्यम आकाराच्या पेढ्यांसाठीं भाड्यानें वापरावयाचें ‘बिझिनेस बायडिझाइन’ हें नवें सॉफ्टवेअर जाहीर केलें आणि २०१० पर्यंत त्याचीं १०,००० गिऱ्हाइकें व्हावींत असें ध्येय ठेविलें. तें ध्येय मुळींच साधलें नाहीं. २००८ मध्यें देखभालीचा वार्षिक आकार मूळ किंमतीच्या शेंकडा १७ वरून हळूहळू शेंकडा २२ वर नेण्याचें ठरविलें तेव्हां जुनीं गिऱ्हाइकें इतकीं चिडलीं कीं, जानेवारी २०१० मध्यें कंपनीस जुना स्वस्त प्रकार पुन्हां द्यावा लागला, आणि पुढच्याच महिन्यांत तिचे मुख्याधिकारी लेओ अपोटेकर पायउतार झाले. ज्याची वही आपल्या हातीं आहे त्यानें दुसरीकडे जाणें कठीण असतें हें खरें. परंतु त्या कठीणपणालाच निष्ठा समजणारा व्यापारी फार दिवस सुखानें झोंपूं शकत नाहीं.

हल्लींचा अध्याय या सर्वांची बेरीज आहे. फेब्रुवारी २०१५ मध्यें ‘एस-४ हाना’ ही नवी पिढी बाजारांत आली. जुन्या पिढीची नेहमीची देखभाल २०२५ मध्यें बंद करण्याचें आधीं ठरलें होतें. २०२० मध्यें ती मुदत २०२७ च्या अखेरपर्यंत वाढविण्यांत आली. मुदत वाढविण्याची पाळी कां आली? कारण ‘झेड’ हें अक्षर! वीस-पंचवीस वर्षांत प्रत्येक कंपनीनें त्या शेवटच्या अक्षराच्या आश्रयानें आपल्या स्वतःच्या शेंकडों, कोठें कोठें हजारों आज्ञावल्या लिहून ठेविल्या. त्यांचे लेखक नोकरी सोडून गेले. कोणती कामाची आणि कोणती नाहीं हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. आणि नव्या घरीं जातांना हें सामान नेतांहि येईना, टाकतांहि येईना. म्हणून गाभा निर्मळ ठेवा, आपलें जें विशेष असेल तें बाहेरून जोडा, असा उपदेश कर्ते आतां करीत आहेत. रेघ पुन्हां एकदां नव्या जागीं ओढली जात आहे.

या विषयाशीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांचा संबंध दूरचा राहिलेला नाहीं. पुणें-मुंबईकडील कितीतरी घरांतील मुलें-मुली अशींच सॉफ्टवेअरें देशोदेशींच्या कारखान्यांत बसविण्याच्या कामांत आहेत. संध्याकाळीं त्यांस काम काय करतां म्हणून विचारलें तर तीं म्हणतात, कोष्टकें भरतों. हें उत्तर विनयाचें असलें तरी अपुरें आहे. कोणत्या कारकुनानें काय पाहावें, कोणाच्या मंजुरीवांचून काय अडावें, कोणता अपवाद चालावा आणि कोणता मुळांतच अशक्य करावा, हें त्या कोष्टकांत ठरत असतें. एके काळीं असले निर्णय धन्याच्या तोंडच्या हुकुमानें होत, आणि हुकूम अन्यायाचा वाटला तर धन्याकडे जाऊन दाद मागतां येई. आज कचेरीच्या खिडकीपाशीं ‘संगणक घेत नाहीं’ एवढेंच उत्तर मिळतें. संगणक घेत नाहीं याचा अर्थ, कोठेंतरी, कोणीतरी, कधींतरी तो अपवाद चालणार नाहीं असें ठरविलें आहे. आणि खिडकीवरचा माणूस तें नांव सांगूं शकत नाहीं.

म्हणूनच सॉफ्टवेअरच्या कर्त्याची दृष्टि मोजतांना त्यानें किती सोयी घातल्या याचा हिशेब आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. कोणती मागणी नाकारावी हें त्यास कळलें काय, आणि नाकारतांना ज्याचें काम अडेल त्याला आधीं विचारलें काय, हे दोन प्रश्न आम्ही विचारूं. लायन्सच्या मंडळींनीं चहाच्या दुकानांतील बाईसाठीं टेलिफोनची एक तार मोकळी ठेविली होती. तिला रोजची सबंध मागणी लिहून पाठविण्याचा त्रास राहिला नाहीं, आणि आज पाऊस आहे, केक कमी पाठवा, असें सांगण्याचा तिचा हक्कहि गेला नाहीं. आजचीं सॉफ्टवेअरें त्या यंत्राहून किती पटींनीं सामर्थ्यवान् आहेत हें सांगावयास नकोच. तीं बसविणाऱ्या आमच्या तरुणांनीं प्रत्येक नव्या कचेरींत गेल्यावर अशी एक तार कोठें ठेवतां येईल याचा शोध आधीं करावा, एवढीच त्यांस आमची विनंति आहे.